गेटावरचा फोटो

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर तीन तसबिरी होत्या. एक गणपतीची, एक आजीची, आणि तिसरीतल्या मुख्य माणसाला चेहराच नव्हता. गिरणीचं दार, दारासमोर माणसांचा गठ्ठा, त्यात कशावर तरी उभा राहून हात वर केलेला एक इसम. गळ्यात जाडजूड हार, आणि हाराच्या वर ओलीने खाल्लेला तपकिरी डाग. लहानपणी मला वाटायचं, पुढारी असेच असतात.

फोटो निवडणुकीच्या प्रचाराचा, एवढ्यावर घरात एकमत होतं. कुठल्या निवडणुकीचा, हे विचारलं की भांडण. दर रविवारी नायगावच्या बीडीडी चाळीतून तात्या यायचे. ते आबांचे गिरणीतले जोडीदार. पंधरवड्यातून एकदा गिरगावातून मामा यायचा. चहाचा दुसरा कप झाला की कुणीतरी भिंतीकडे बघायचं आणि सुरू व्हायचं. आबा म्हणायचे, हे डांगे. तात्या म्हणायचे, बाबासाहेब. मामा म्हणायचा, अरे, हा जॉर्ज आहे. तिघांनाही त्या डागात आपापला माणूस स्वच्छ दिसायचा.

वाद पुराव्यानिशी चालायचा. तात्या खुर्चीवर चढून बोट ठेवायचे, "ही बघ कोटाची कड." आबा बसल्या जागेवरून म्हणायचे, "कड कसली, हाराची सावली आहे ती." खालच्या कोपऱ्यात ट्रामचे रूळ दिसत होते. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे मामाचा जॉर्ज बाद, असं आबा विजयी मुद्रेने सांगायचे. मामा म्हणायचा, "ट्राम बंद झाली म्हणून काय दुसऱ्या दिवशी रूळ उपटून नेले का?" डाव्या कडेला एक अर्धं डोकं आणि एक कान होता. तो कान आबांचा, असं आबांचं म्हणणं. तो कान आपला, असं तात्यांचंही म्हणणं. कानावरून माणूस ओळखायची विद्या आमच्यापैकी कुणालाच येत नसल्याने तो दावा तसाच राहिला.

एका गोष्टीत मात्र तिघांचं एक व्हायचं. असे फोटो बघायचा एक नियम आबांनी मला शिकवला होता, आणि तो आजही मी जुन्या अंकांत, पुस्तकांत वापरून बघतो. पुढाऱ्याचा चेहरा बघायचा नाही, त्याच्या पाठीमागे काय आहे ते बघायचं. मागे साचे दिसले, कापडाचे तागे दिसले, मॅनेजर हात जोडून उभा दिसला, की समजायचं काँग्रेस. मागे बंद गेट दिसलं, की लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्ट, नाहीतर दुसरा कुणी विरोधातला.

मला ती गंमत वाटायची. पुढे कळलं, त्यामागे कायदा होता. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. त्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना ठरवली, आणि कापड धंद्यात तो मान काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. त्या संघटनेच्या माणसांना गिरणीच्या आवारात वर्गणी गोळा करता येई, फलक लावता येई, कामगारांशी बोलता येई. बाकीच्यांनी बोलायचं ते रस्त्यावर. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन कितीही मोठी असो, तिचा पुढारी दाराच्या बाहेर. म्हणून गिरणगावात द्वारसभा ही चीज इतकी वाढली. भोंगा व्हायचा, पहिली पाळी साडेतीनला सुटायची, दुसरी आत शिरायची, आणि त्या दोन गर्दींच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पुढाऱ्याने काय ते सांगायचं. लांबलचक बोलणाऱ्याचं काम नव्हे ते. आबा म्हणायचे, गेटावर जो बोलायला शिकला त्याला पुढे विधानसभेत बोलणं म्हणजे आराम.

फोटोवाला यायचा तोही त्याच वेळेला. वर्तमानपत्रात छायाचित्र छापायचं तर आधी जस्ताचा ब्लॉक करावा लागे, त्याला पैसे पडत, आणि छापून आल्यावर गर्दीतली माणसं म्हणजे नुसते ठिपके. त्यामुळे फोटोची प्रत स्टुडिओतून विकत घ्यायची. आबांनी ही प्रत घेतली तेव्हा आजी दोन दिवस बोलली नव्हती. केवढ्याला घेतली, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

तात्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं, कारण वयाने तेच पुढे जात. ते रिंग खात्यात, आबा विणाईत. दोघांच्या पगारात फरक होता, आणि तो का होता हे मला तात्यांनीच सांगितलं, आबा समोर बसलेले असताना. साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. धोटा चोखायचा. एकाने चोखलेला धोटा दुसरा चोखणार. म्हणून महारांना विणाई खातं बंद. जास्त पगाराचं काम तिथे, आणि तिथेच मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांसमोर ठेवला होता. तात्या सांगायचे तेव्हा आवाज चढायचा नाही. आबा मात्र अडकित्त्याने सुपारी कातरत राहायचे, खायची नसली तरी.

१९३७ ची निवडणूक तात्यांना स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त आठवायची. स्वतंत्र मजूर पक्ष आदल्याच वर्षी निघालेला. बाबासाहेब भायखळा-परळ भागातून उभे, आणि समोर काँग्रेसने कुणाला आणावं, तर पळवणकर बाळूंना. क्रिकेटमधला तो थोर डावखुरा गोलंदाज. चांभार समाजातला, हिंदूंच्या संघातून खेळून नाव काढलेला, आणि एके काळी बाबासाहेबांनाही त्याचं कौतुक होतं. निवडणूक अटीतटीची झाली, बाबासाहेब दोनेक हजार मतांनी आले. तात्यांना स्वतःला मत नव्हतं. तेव्हा शिक्षण, मालमत्ता, घरभाडं बघून मत मिळायचं, सरसकट नाही. "मत नव्हतं, पण घसा होता," असं ते म्हणायचे. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कामगार मैदानावरच्या त्या सभेला आबा आणि तात्या दोघे गेले होते, आणि त्यांची ओळख तिथली. चेंगराचेंगरीत आबांची वहाण हरवली आणि तात्यांनी ती शोधून दिली. एकच सापडली. दुसरी कुणा कॉम्रेडच्या पायात गेली, असं तात्या म्हणायचे.

आणि मग १९५२.

हा विषय निघाला की आत्या मला काहीतरी आणायला खाली वाण्याकडे पाठवायची. तरी मी दारातच रेंगाळायचो. पहिली सार्वत्रिक निवडणूक, सगळ्यांना मत, गिरणगावात जत्रेसारखी रांग. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण, एक राखीव. म्हणून प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. बैलजोडी, झाड, हत्ती, कणीस-विळा. दोन चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एकच धरायची, दुसरी बाद. बाबासाहेब राखीव जागेला उभे, चिन्ह हत्ती, त्यांच्या जोडीला समाजवादी अशोक मेहता. लाल बावट्याचे डांगेही त्याच मतदारसंघात. आणि प्रचारात कुजबुज अशी की लाल बावट्याच्या माणसाने एक चिठ्ठी डांग्यांना द्यावी आणि दुसरी कुजवावी. मत कुजवणं हा शब्द तेव्हापासून आमच्या भागात आहे. फळ कुजतं, भाजी कुजते, तसं मत.

बाबासाहेब चौदा-पंधरा हजार मतांनी पडले. ज्याने देशाची घटना लिहिली तो माणूस, आणि निवडून आले काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर. डांगेही पडले. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला. हा झाला इतिहास. आमच्या खोलीत मात्र त्याचा उरलेला भाग चालू होता. तात्या दर निवडणुकीला, मतदानाच्या आदल्या रविवारी, एकच प्रश्न विचारायचे, "तू तेव्हा दुसरी चिठ्ठी कुठं टाकलीस?"

आबा उत्तर द्यायचे नाहीत. "मत गुप्त असतं," एवढंच. तात्या हसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मी हा प्रश्न किमान पाच निवडणुकांत ऐकला आहे.

आबांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचा सगळा भर १९५७ वर असायचा. ते वर्ष सांगताना ते उभे राहायचे. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ ला ते फ्लोरा फाउंटनला होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद ठेवून कौन्सिल हॉलवर मोर्चा निघाला होता, पोलिसांनी गोळीबार केला, पंधरा माणसं गेली. आबांच्या शेजारी चालणारा माणूस उभ्या उभ्या खाली बसला, आणि आबांना वाटलं दमला असेल. हे वाक्य ते दरवेळी त्याच शब्दांत सांगायचे आणि पुढे थोडा वेळ काही बोलायचे नाहीत.

त्यानंतरची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीची. अत्र्यांचा 'मराठा' सकाळी नाक्यावर मोठ्याने वाचला जायचा, कारण अंक एक आणि ऐकणारे तीस. शाहीर अमर शेखांचा आवाज लाउडस्पीकरशिवाय कामगार मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. अत्रे दादरमधून विधानसभेत गेले, आणि डांगे मुंबई शहर मध्यमधून प्रचंड मतांनी लोकसभेवर. बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही समितीत होतं. तीच दोन चिठ्ठ्यांची पद्धत, त्याच पेट्या, पण या वेळी कणीस-विळा आणि हत्ती एकाच मांडवात. बाबासाहेबांना जाऊन तीन-चार महिनेच झाले होते. "त्या वर्षी आम्ही दोघं एकत्र गेलो मत द्यायला," आबा म्हणायचे, "विचार याला." तात्या मान हलवायचे. "गेलो होतो. पाच वर्षं उशिरा." आबांच्या मते फोटो त्या वर्षीचा, कारण त्यात तात्या आणि ते शेजारी उभे आहेत. पण दिसत होता कान, एकच.

मामाच्या जॉर्जची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण मामा ती थोडक्यात कधीच सांगायचा नाही. १९६७, दक्षिण मुंबई, समोर स. का. पाटील, केंद्रात रेल्वेमंत्री आणि मुंबईचे अनभिषिक्त राजे. छत्तिशीतल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना पाडलं. त्यांचा प्रचार एवढाच होता की पाटील पडू शकतात, आणि पाडणारे तुम्हीच. मामा तेव्हा रात्री भिंती रंगवायचा आणि त्याच्या हाताला महिनाभर चुन्याचा वास यायचा. पण लालबाग त्या मतदारसंघात येत नव्हतं. "मग जॉर्ज आमच्या गेटावर मतं कुणाची मागणार, ट्रामच्या रुळांची?" हा आबांचा शेवटचा हुकूम. मामाकडे उत्तर नसायचं, तरी तो पुढच्या वेळी जॉर्जच म्हणायचा.

फोटोचा चेहरा गेला कसा, हे मला खूप उशिरा कळलं. ५ जून १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचा माणूस, त्याच्या व्यायामशाळेत आमच्या चाळीतली पोरं जायची. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. सेनेचा तो पहिला आमदार. चाळीतल्या ज्या पोरांनी बापाच्या खांद्यावर बसून लाल बावटा बघितला होता, तीच आता समोरच्या बाजूला होती. एकाच खोलीत दोन मतं झाली होती. त्या पावसाळ्यात आबांनी फोटो भिंतीवरून उतरवला, धोतरात गुंडाळला आणि माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला. भीतीने की रागाने, ते बोलले नाहीत. माळ्यावर कौलांतून पाणी यायचं. पुन्हा फोटो भिंतीवर आला तो १९८२ च्या संपात, तेव्हा डाग पडलेला होता.

त्या संपाबद्दल मी ऐकीव सांगायची गरज नाही. १८ जानेवारीला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील तेव्हा बदलीतून नुकते कायम झाले होते. आमच्या घरात पहिल्यांदा विकली गेली ती तांब्याची घागर, मग आईच्या पाटल्या. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत उभे राहिले. देशभर इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा, आणि आमच्या दक्षिण-मध्य मुंबईतून डॉक्टर निवडून आले. मी त्यांना चाळीच्या अंगणात बघितलं. गेटावर सभा घेण्यात अर्थ उरला नव्हता, गेटातून ज्यांनी बाहेर पडायचं ती माणसं घरीच बसलेली, नाहीतर गावाला गेलेली. खाली अंगणात पेट्रोमॅक्स, वर गॅलऱ्यांत बायका. एक फोटोवालाही आला होता. त्याने कुठे उभं राहावं हेच त्याला कळेना. मागे दार नाही, भोंगा नाही, धुराडं नाही. शेवटी त्याने डॉक्टरांच्या मागे दोरीवर वाळत घातलेली लुगडी बाजूला करायला लावली.

बायका म्हटल्यावर आत्याचं आलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांना बोलतं करून पुस्तक केलं, तोपर्यंत आमच्याकडे कुणी आत्याला विचारलंच नव्हतं की फोटो कधीचा. आजीची खानावळ होती. गावाकडची बारा माणसं जेवायला, तिन्ही पाळ्यांची, म्हणजे चूल कधी विझायचीच नाही. अशा हजारो बायका गिरणगावाला जेवू घालत होत्या. संप झाला की उधारी त्यांच्या डोक्यावर, आणि महिनोन्महिने संप चालायचे ते त्यांच्या पिठावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा आजी थकली होती. खानावळीचं हे वजन उमेदवाराच्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. द्वारसभा झाली की संध्याकाळी ते खानावळीत यायचे, पिठलं-भाकरी खायचे आणि आजीला विचारायचे, तुमची पोरं कुणीकडे? बारा मतं एका चुलीवर. तिथे मात्र कधी कुणी फोटोवाला आणला नाही.

आबा गेल्यावर एकदा आत्या सहज म्हणाली, "मी होते की तिथं."

"कुठं?"

"गेटावर. डबे घेऊन जायचे मी. परकर-पोलकं घालायचे तेव्हा. तो फोटोवाला म्हणाला, ए पोरी, बाजूला हो, मधे येतेस. मग मी खांबामागे गेले."

कोण आलं होतं ते तिला आठवत नव्हतं. उन्हात हात भाजत होता हे आठवत होतं, आणि सभेपायी डबे संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत म्हणून रात्रपाळीवाल्यांना पानावर वाढावं लागलं हेही. तिने मला फोटोतला पुढचा माणूस दाखवला. त्याच्या हातात पितळी डबा आहे. झाकणावर आजीने खिळ्याने कोरलेली चौकट असायची, म्हणजे दुसऱ्या खानावळीच्या डब्यांत मिसळू नये. फोटोत तिथे फक्त पांढरा तिरका चट्टा दिसतो.

आबांच्या शेवटच्या आजारात तात्या आले होते, त्याचं सांगायचं राहिलं. १९९६, मे महिना, लोकसभेची निवडणूक नुकतीच झालेली. तात्यांना आता जिना चढवत नव्हता, दोन पोरांनी त्यांना खुर्चीतून वर आणलं. दोघं बराच वेळ गप्प. मग तात्यांनी विचारलं, दरवेळच्याच आवाजात, "दुसरी चिठ्ठी कुठं टाकलीस रे?"

आबांनी डोळे उघडले. म्हणाले, "हत्तीची पेटी शेवटी होती."

एवढंच. शेवटी होती म्हणून तिथपर्यंत गेले, की शेवटी होती म्हणून गेलेच नाहीत? तात्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी आबांची चादर नीट केली, आणि पोरांना म्हणाले, चला, उतरवा मला.

गेल्या वर्षी चाळ रिकामी करताना आत्याने गणपती आणि आजी पिशवीत घातली आणि हा फोटो माझ्या हातात दिला. म्हणाली, नीट करून आण. आमची गिरणी केव्हाच पाडली. फिनिक्सचा मॉल झाला तसंच इथेही काचेचं काहीतरी उभं राहिलं आहे. गेटाचा एक दगडी खांब मात्र शोभेला ठेवला आहे, त्यावर दिवा लावून. निवडणूक आली की उमेदवार तिथे येतात. म्हाडाच्या सोडतीत घर न लागलेल्या म्हाताऱ्या कामगारांना रांगेत उभं करतात आणि मोबाइलवर फोटो काढतात. आबांचा नियम इथे चालत नाही. मागे सगळ्यांच्याच काच.

परळच्या दुकानातल्या पोराने फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. आत्या हट्टाने बरोबर आलेली. पोरगा कामाचा होता. त्याने डाग खरवडत आणला, गेटाच्या पट्ट्या दिसू लागल्या, पट्ट्यांमागे कडीवर हात ठेवून उभा असलेला दरवान दिसला, जो आम्ही कुणी आजवर बघितलाच नव्हता. हाराच्या वर आला तेव्हा तो थांबला.

"इथलं काहीच उरलं नाही, आजी. पण कोण साहेब होते ते सांगा. नेटवरून चेहरा घेऊन बसवून देतो. कळणार पण नाही. तीनशे रुपये जास्त."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पडद्यापाशी गेली आणि खाली, पुढच्या माणसाच्या हातापाशी बोट टेकवलं.

"आधी हे झाकण साफ कर."